चार धंदे, एक गिऱ्हाईक : बहरीनचं तेल आणि साखळीचं खनिज

साखळी, सप्टेंबर २०१२

२०१२ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, १९ सप्टेंबरला होती. बहरीनहून पंधरा दिवसांची रजा काढून मी गोव्यातल्या आमच्या गावी, साखळीला आलो, तेव्हा धाकटे काका ओसरीवर बसून माटोळीचं, गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांचं, सामान निवडत होते. आंबाडे एकीकडे, कवंडाळं एकीकडे, सुपारीचे घोस सुंभाने बांधलेले. त्याआधी थोडेच दिवस, १० सप्टेंबरला, गोवा सरकारने राज्यातल्या खाणी तात्पुरत्या थांबवल्या होत्या. बेकायदा खाणकामावरचा शाह आयोगाचा अहवाल नुकताच संसदेत मांडला गेला होता. पण ओसरीवर कुणाला त्याची विशेष चिंता दिसली नाही. पावसाळ्यात खनिजाच्या ट्रिपा तशाही बंदच असायच्या. ट्रक ताडपत्री घालून उभे, ड्रायव्हर गावी गेलेले. "चवथ जावंदी, मागीर सुरू जातलें," चवथ होऊ दे, मग सुरू होईल, असं शेजारचे एक गृहस्थ म्हणाले आणि बोलणं घुमट आरतीकडे वळलं.

५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खाणबंदीवर शिक्कामोर्तब केलं. चवथ गेली, दसरा गेला, दिवाळी गेली, आणि 'मागीर' काही आलं नाही.

काकांचा पसारा सांगायला हवा, कारण हे प्रकरण त्याच पसाऱ्यावर उभं आहे. दोन ट्रक, सुर्ला-वेळग्याच्या बाजूने लोखंडाचं खनिज भरून आमोण्याच्या जेटीवर टाकणारे. तिथून बार्ज मांडवीतून मुरगावला जायची. घरासमोर टायरचं आणि पाट्यांचं गॅरेज. गॅरेजला लागून काकींचा गाडा : सकाळी भाजी-पाव, संध्याकाळी मिरची भजी. घरामागे चार खोल्या, परराज्यांतून आलेल्या ड्रायव्हरांना भाड्याने दिलेल्या. काका हे सगळं अभिमानाने सांगायचे. "मी एकावर अवलंबून नाही रे. ट्रक अडला तर गॅरेज आहे, गॅरेज अडलं तर गाडा आहे, काहीच नसलं तर भाडं येतंच."

डिसेंबरात माझ्या भावाने फोनवर सांगितलं तेव्हा चारही बंद होते. ट्रक उभे म्हणून टायर झिजेनात, ड्रायव्हर नाहीत म्हणून भजी खपेनात, खोल्यांना कुलपं. बँकेचा हप्ता तेवढा दर महिन्याला वेळेवर येत होता.

तेव्हा मी फोनवर काकांना जे ऐकवलं, ते आठवलं की आजही कानकोंडं व्हायला होतं. बहरीनमध्ये बांधकाम साहित्याच्या एका व्यापाऱ्याकडे मी हिशेब लिहायचो, आणि दहा वर्षांत तिथल्या वर्तमानपत्रांचं बरंच पाणी माझ्या डोक्यात मुरलं होतं. म्हटलं, "काका, बहरीन बघा. तेल संपणार हे त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी ओळखलं. आज त्यांच्या अर्थव्यवस्थेत तेलाचा वाटा पाचवा हिस्सा आहे. बाकी अ‍ॅल्युमिनियम, बँका, पर्यटन."

काका म्हणाले, "बरं आहे त्यांचं."

बहरीनने काय काय केलं

आकाराने बहरीन गोव्याच्या पाचव्या भागाएवढा : ८०० चौरस किलोमीटरही नाही. लोकसंख्या मात्र जवळपास आपल्याएवढीच. २०२०च्या जनगणनेत १५ लाख, आणि त्यांतले निम्म्याहून कमी नागरिक, बाकीचे आमच्यासारखे पोटासाठी आलेले. तेलाआधी हा देश मोत्यांवर जगायचा. उन्हाळ्यात होड्या समुद्रात जायच्या, पाणबुडे नाकाला चिमटा लावून तळाशी उतरायचे आणि सापडलेला चांगला माल मुंबईच्या बाजारात यायचा. मुंबईशी इतकं जवळचं नातं की १९६५ साली दिनार येईपर्यंत तिथे रुपयाच चालत होता. मग जपानी लोकांनी शिंपल्यात मोती पिकवायला सुरुवात केली, त्यात १९२९ची जागतिक मंदी आली, आणि मोत्यांचा धंदा काही वर्षांत बसला. बहरीनच्या म्हाताऱ्यांना 'एकाच मालावरचा देश' म्हणजे काय हे तेल सापडायच्या आधीच कळलेलं होतं.

तेल लागलं १९३२ साली, जबल दुखान टेकडीच्या पायथ्याशी. आखाताच्या अरब किनाऱ्यावरची ती पहिली विहीर. पण साठा कुवेत किंवा सौदीच्या मानाने अगदी किरकोळ, आणि १९७०च्या सुमारास उत्पादन शिखरावर जाऊन घसरायला लागलं. बहरीनची हुशारी अशी की हे सत्य त्यांनी लपवलं नाही. शेजारी पैशात लोळायला लागण्याच्या आधीच यांनी दुसऱ्या धंद्यांची जुळवाजुळव केली. १९६८ साली अ‍ॅल्युमिनियम कंपनी स्थापन झाली आणि १९७१ साली भट्ट्या पेटल्या. बॉक्साइट देशात नावाला नाही. शुद्ध केलेली अ‍ॅल्युमिना पावडर ऑस्ट्रेलियातून बोटीने आणायची, घरचा नैसर्गिक वायू जाळून वीज करायची आणि धातू जगाला विकायचा. अ‍ॅल्युमिनियम वितळवणं म्हणजे मुख्यतः वीज विकणंच असतं, फक्त ती लादीच्या रूपात बोटीवर चढते.

१९७३ साली तेलाचे भाव कडाडले. १९७५ साली लेबननमध्ये यादवी सुरू झाली आणि अरब पैशाचं बँकिंग केंद्र असलेलं बैरूत कोलमडलं. त्याच वर्षी बहरीनने परदेशी बँकांना परवाने द्यायला सुरुवात केली : स्थानिक लोकांशी व्यवहार करायचा नाही, शेजाऱ्यांचा पैसा इथे ठेवा आणि इथून फिरवा. ही संधी पकडायला सुशिक्षित माणसं लागतात आणि ती बहरीनकडे होती. मुहर्रकमध्ये मुलांची सरकारी शाळा १९१९ साली आणि मुलींची १९२८ साली निघाली होती. आखातात त्या काळात हे दुर्मिळ होतं. पुढे सुकी गोदी आली, पेट्रोरसायनं आली, १९८६ साली सौदी अरेबियाला जोडणारा २५ किलोमीटरचा पूल झाला आणि २००४ साली फॉर्म्युला वनची शर्यत.

हे सगळं खरं आहे. त्यातला अ‍ॅल्युमिनियमचा भाग मला आजही मनापासून आवडतो. त्या कारखान्यात बहुसंख्य कामगार बहरीनीच आहेत. आजूबाजूला तारा, पत्रे आणि मोटारींचे सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले. आखातात नागरिक म्हणजे सरकारी टेबलामागचा माणूस असं समीकरण असताना भट्टीपुढे घाम गाळणारा नागरिक बघायला मिळायचा, हे थोडं नाही. माझ्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे एक बहरीनी गृहस्थ तिथे पाळीवर जायचे. मुलगा डॉक्टर झाला तरी ते भट्टीच्या गप्पा सोडायचे नाहीत.

उधारीची यादी

जून २०१४ मध्ये तेलाचा भाव पिंपाला ११० डॉलरच्या वर होता. जानेवारी २०१६ मध्ये तो ३० डॉलरच्या खाली आला. आमच्या दुकानात ही बातमी वर्तमानपत्रातून आली नाही, उधारीतून आली. साठ दिवसांनी पैसे देणारे नव्वद दिवसांवर गेले, नव्वदवाले फोन उचलेनात. मालकांनी मला सांगितलं की सगळ्या थकबाकीदारांची यादी काढ आणि प्रत्येकापुढे लिही, याचे पैसे कुठे अडलेत.

तीन दिवस बसून ती यादी केली. माझ्या नोकरीतलं सगळ्यात शहाणं काम तेच असावं. पहिलं नाव रस्त्यांच्या कंत्राटदाराचं. त्याचे पैसे सरकारी खात्याकडे अडलेले, सरळ गोष्ट. दुसरा घरबांधणीवाला. त्याची गिऱ्हाइकं खाजगी माणसं, म्हणजे तेलाशी संबंध नाही असं मी लिहायला गेलो. मग लक्षात आलं, घरं बांधणारी माणसं सरकारी नोकर होती आणि त्यांचे भत्ते गोठले होते. तिसरा हॉटेलवाला. त्याच्या हॉटेलात राहायला यायचे पुलावरून आलेले सौदी, आठवड्याच्या सुट्टीला. तिकडे पगारात कपात झाली की इकडे खोल्या रिकाम्या. चौथं नाव एका बँकेच्या नव्या इमारतीचं काम घेतलेल्या कंपनीचं. बँकेने काम लांबणीवर टाकलं होतं, कारण तिच्या ठेवी आखाती सरकारांच्या आणि आखाती घराण्यांच्या, आणि त्यांना आता स्वतःलाच पैसा हवा होता. खाली खाली जात राहिलो तसा प्रत्येक नावामागे तोच एक माणूस उभा दिसू लागला. कधी एक पायरी मागे, कधी तीन पायऱ्या मागे.

आणि मला एकदम काकांचं गॅरेज आठवलं, काकींचा गाडा आठवला.

बहरीनचे चार धंदे वेगळे होते. गिऱ्हाईक एकच होतं. आकडे त्या वेळी नीट बघायला शिकलो. सकल उत्पादनात तेलाचा वाटा पाचवा हिस्सा, हे मी काकांना ऐकवलं होतं ते बरोबरच होतं. पण त्याच सुमाराला सरकारच्या तिजोरीत येणाऱ्या दर १० दिनारांतले ८हून जास्त तेला-वायूचे होते. लोकांवर आयकर नव्हता, विक्रीवर कर नव्हता. म्हणजे बँक वाढली, हॉटेल वाढलं, दुकान वाढलं तरी तिजोरीत त्याचं जवळजवळ काहीच पडत नव्हतं. तिजोरी तेलावर, तिजोरीतून पगार आणि कंत्राटं, त्यांतून बाजार, आणि त्या बाजाराला आपण अहवालात 'बिगरतेल क्षेत्र' म्हणायचं.

त्याहून नाजूक गोष्ट ही की ते तेलही पुरतं स्वतःचं नाही. बहरीनच्या वाट्याचं बहुतेक कच्चं तेल समुद्रातल्या अबू सफा क्षेत्रातून येतं. १९५८च्या करारानुसार त्याचं निम्मं उत्पन्न बहरीनला मिळतं, पण क्षेत्र चालवते सौदी कंपनी. सित्राच्या रिफायनरीत शुद्ध होणारं तेलही मोठ्या प्रमाणावर सौदीतून नळाने येतं. मग २०१८ मध्ये कर्जाची परतफेड होईल की नाही अशी बाजारात कुजबुज सुरू झाली, तेव्हा सौदी, अमिराती आणि कुवेत यांनी मिळून १० अब्ज डॉलरचा टेकू दिला, यात नवल ते काय? मोठ्या भावाच्या घराला लागून पडवी काढली की पावसाची काळजी भावालाच.

मी तोवर परतलो होतो. २०१६च्या मे महिन्यात दुकानाचा अर्धा स्टाफ कमी केला, त्यात मी होतो. शेवटच्या दोन महिन्यांचा पगार आणि हिशेबाची रक्कम अजून यायची आहे. आता येईल असं वाटत नाही. गंमत म्हणजे थकबाकीदारांच्या यादीत देणेकरी कोण हे मी लिहीत होतो, आणि तीच यादी लिहिणारा मी मालकांच्या लेखी धनको होतो.

कर, आणि त्यावरचा चुलतभावाचा त्रागा

पुढचं माझ्या चुलतभावाकडून कळत राहिलं, तो अजून बहरीनच्या राजधानीत, मनामात आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये मांसावरचं अनुदान गेलं आणि जानेवारी २०१६ मध्ये पेट्रोल महागलं, हे मी स्वतः पाहिलं होतं. कारखान्यांना मिळणाऱ्या गॅसचा दरही दरवर्षी थोडा थोडा चढवत नेला. जानेवारी २०१९ मध्ये ५ टक्के व्हॅट आला आणि तीन वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, १० टक्के झाला. चुलतभाऊ फोनवर चिडला होता. "हे कसलं आखात? कर भरायचा तर गोव्यातच राहिलो असतो!"

त्याचा त्रागा समजतो. पण माझ्या मते बहरीनच्या पन्नास वर्षांच्या प्रयत्नांतलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल हा व्हॅटच होता. भट्टी आणि शर्यतीपेक्षाही. कारण पहिल्यांदाच बाजारात दहाजणांनी केलेल्या धंद्यातून तिजोरीला काही मिळू लागलं. पगार तेलातून आला असेल तर तेल पडल्यावर व्हॅटही पडेलच, हा आक्षेप रास्त आहे. तरीही परदेशी गिऱ्हाइकांवर जगणारं दुकान आणि सरकारी पगारावर जगणारं दुकान यांत आता सरकारला स्वतःलाच फरक कळू लागेल, कारण दोघांचे कर वेगवेगळे हलतील.

हे उशिरा झालं, एवढंच. सरकारी कर्ज तोवर वर्षभराच्या सकल उत्पादनाच्याही पुढे गेलं होतं. दुबईने २००४ साली स्वतःचं वित्तकेंद्र उभं केलं होतं, आणि २०२१ साली रियाधने जाहीर केलं की २०२४पासून सरकारी कंत्राट हवं तर प्रादेशिक मुख्यालय सौदीत आणा. बैरूतची गैरसोय हीच बहरीनची सोय होती. तशी सोय दुसऱ्या कुणालाही करता येते. गंमत अशी की एप्रिल २०१८ मध्ये, अडचणी टोकाला असताना, पश्चिमेच्या समुद्रात ८० अब्ज पिंपं शेल तेल सापडल्याची घोषणा झाली आणि चुलतभावाच्या मेसमध्ये लोकांनी मिठाई वाटली. खडकात अडकलेलं तेल काढणं किती महाग, हे मिठाई संपल्यावर कळलं.

दहावा हिस्सा

बहरीनच्या शेजारी कुवेत आहे, आणि धंदे वाढवण्याच्या बाबतीत कुवेतइतका आळशी देश शोधून सापडायचा नाही. तेल, तेल आणि तेल. पण कुवेतने एक केलं. १९५३ सालीच लंडनमध्ये गुंतवणुकीचं मंडळ नेमलं आणि १९७६पासून सरकारी उत्पन्नाचा दहावा हिस्सा भावी पिढ्यांच्या निधीत टाकायला सुरुवात केली. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दामचं सैन्य शिरलं तेव्हा विहिरी गेल्या, राजवाडा गेला, तरी परागंदा सरकार परदेशातल्या गुंतवणुकीवर चालू राहिलं. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ तेव्हा अम्मानमार्गे विमानाने परत आले होते, हातात एक पिशवी घेऊन. ते सांगतात, वाटेतल्या छावणीत त्यांच्याबरोबरच्या कुवेती कुटुंबाला त्यांच्या सरकारकडून पैसे पोचत होते.

बहरीननेही २००६ साली निधी काढला. तेल ४० डॉलरच्या वर असेल तर निर्यात होणाऱ्या प्रत्येक पिंपामागे एक डॉलर बाजूला. एक डॉलर! आणि २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत त्यातूनही काढायची वेळ आली. इवल्याशा देशाला सगळ्या तऱ्हेचे धंदे घरात उभे करता येत नाहीत. माणसं कमी, बाजार लहान, शेजारी मोठे. अशा ठिकाणी धंद्यांची संख्या मोजण्यापेक्षा आपत्तीत न हलणारा पैसा किती आहे, हे मोजणं जास्त शहाणपणाचं, असं मला वाटतं. कुवेतच्या आळसाचं समर्थन मी करत नाही. पण त्याच्याकडे उशी होती आणि बहरीनकडे फक्त अहवाल.

आपल्याकडे हा विषय आणला तो गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेने. २१ एप्रिल २०१४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाणींना वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेचा दहावा हिस्सा कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितला. तेजीच्या वर्षांत गोव्याच्या बंदरांतून ५ कोटी टनांच्या घरात खनिज गेलं होतं. तेव्हापासून दहावा हिस्सा ठेवला असता तर २०१२चं आमचं घर कसं दिसलं असतं, असा विचार मनात येतो. आमच्या डिचोली तालुक्यात मात्र मी कुणाच्या तोंडून या निधीचा उल्लेख फार क्वचित ऐकतो. बोलणं होतं ते ट्रक, ट्रिप आणि दर यांचं.

खोल्या

न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये खाणपट्ट्यांच्या लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या. काकांनी तोवर एक ट्रक भंगारात काढला होता, दुसरा लाकूड आणि चिरे वाहायला लावला होता. गॅरेजमध्ये आता दुचाक्या दुरुस्त होतात, भावाचा मुलगा बघतो. काकींनी गाडा बंद केला, गुडघ्यांमुळे. खोल्या तशाच पडून होत्या. मग औद्योगिक वसाहतीत कामाला येणारी पोरं विचारत आली आणि काकांनी त्या दिल्या. दोन खोल्यांत औषधांच्या कारखान्यातली चार पोरं, एकीत नर्सिंगचं शिकणाऱ्या दोन मुली, एकीत शाळेचा शिक्षक.

२०२२च्या डिसेंबरात खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. २०२४ मध्ये डिचोलीकडे काम सुरू झालं आणि ट्रकांच्या रांगा पुन्हा दिसू लागल्या. भावाच्या मुलाने नव्या ट्रकसाठी कर्जाचे कागद आणले. घरात दोन दिवस चर्चा झाली. मी त्याला एकच विचारलं, हप्ता कुणाच्या पैशातून जाणार? त्याने सरळ सांगितलं, खाणीच्या. कर्ज त्याने घेतलं. त्याचा हिशेबही त्याने मला मांडून दाखवला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

गेल्या चवथीआधी वाहतुकीच्या एका कंत्राटदाराचा माणूस काकांकडे आला. ड्रायव्हरांसाठी चारही खोल्या हव्या होत्या, सहा महिन्यांचं भाडं आगाऊ आणि आत्ताच्या दीडपट. काका ओसरीवर माटोळीचं सामान निवडत होते. त्यांनी सुपारीचा घोस खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "दीडपट देतो म्हणतोस ते ठीक. पण पोरी परीक्षेपर्यंत राहणार आहेत."

तो माणूस म्हणाला, तुमचाच ट्रक आमच्याकडे लागलाय ना?

"म्हणूनच," काका म्हणाले, आणि आंबाडे मोजायला लागले.